भोंगा चालू, नाक बंद

आधी एक काम करा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि मोठ्यानं म्हणा, "मामा." काय ऐकू आलं? "बाबा." आता म्हणा, "नाना." आलं ना "दादा"? तुम्ही हसाल आणि नाक सोडून द्याल. मला ते सोडता येत नव्हतं. माझं नाक हिवाळाभर आतूनच कोणीतरी धरून बसायचं, आणि माझा धंदा होता लाऊडस्पीकरवर लोकांची नावं पुकारण्याचा.

अल्लीपूरला माझं छोटं दुकान होतं. एक मशीन, दोन भोंगे, एक माईक, गाण्याचे तवे वाजवायची पेटी आणि उचलताना कंबर धरायला लावणारी बॅटरी. लग्न, सप्ताह, कुस्त्या, निवडणूक, सगळीकडे मी बैलबंडीत सामान टाकून जायचो. लोकांना वाटतं, यात काय, बटण दाबलं की झालं. तसं नाही. भोंगा कुठं बांधायचा हीच अर्धी विद्या. गोठ्याच्या दिशेनं तोंड केलं की म्हशी बिचकतात, दूध चढवतात, देतच नाहीत, आणि म्हशीचा मालक लग्नातलं जेवण सोडून तुमच्याकडे येतो. माईक भोंग्यासमोर आला की मशीन शिट्टी मारतं. आणि नाव घ्यायचं ते सावकाश. आवाज शिवारात जाऊन परत येतो. तुम्ही घाई केली तर तुमचाच मागचा शब्द पुढच्या शब्दावर येऊन आदळतो.

पुकारा करणारा माणूस वेगळा आणि मशीनवाला वेगळा, अशी पद्धत काही गावांत होती. मी दोन्ही करायचो. माझा आवाज बरा होता. आमच्या भागात म्हणत, "गजाभाऊचा आवाज आला, आता वरण शिजाले टाका." पुढे कॅसेटी आल्या. नागपूरहून कोणाचा तरी गोड आवाज भरून आणायचा आणि तोच दिवसभर फिरवायचा. त्या आवाजाला सर्दी होत नाही, हे खरं. पण तो आवाज मांडवात उशिरा आलेल्या आत्याबाईंना "या आत्याबाई, बसा, पाणी घ्या," असंही म्हणत नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

तर नाक. कापूस वेचायला आला, पहाटे धुकं पडू लागलं, की माझं नाक मिटायचं. नुसती सर्दी नव्हे. भुवयांच्या वर, गालांच्या आत कोणीतरी सरकी ठासून भरल्यासारखं व्हायचं. बॅटरी उचलायला खाली वाकलं की कपाळात लोखंडी गोळा गडगडत पुढे यायचा. शेवटी मी मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी गालावर, कपाळावर टिचक्या मारल्या आणि सांगितलं, सायनस. घरी आल्यावर बायकोनं, सुमननं, विचारलं, "काय निघालं?"

मी चोंदलेल्या नाकानं म्हणालो, "सायदस."

"सायन्स?" ती म्हणाली. "तुम्ही तं मॅट्रिक नापास. तुमाले सायन्स कुठून झालं?"

डॉक्टरांनी मात्र साधंच सांगितलं होतं. वाफ घ्या, पण भांडं जमिनीवर ठेवून, अंगावर सांडू देऊ नका. गरम पाण्यात पिळलेला कपडा गालावर, कपाळावर ठेवा. पाणी उकळून कोमट करा, त्यात मीठ घाला आणि नाक धुवा. ताप चढला किंवा डोळ्याभोवती सूज आली तर घरी बसू नका, इकडे या. सुमननं हे सगळं ऐकलं, मान डोलावली आणि आधी तिच्या माहेरचे उपाय सुरू केले. कपाळावर सुंठीचा लेप दिला. तो वाळला की भुवया हलायच्या नाहीत, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटायचं मी रागावलोय. मग ओवा भाजून त्याची पुरचुंडी गळ्यात बांधली. तिच्या वासानं शेजारची बकरी माझ्यामागे दुकानापर्यंत आली. चुलत सासऱ्यांनी तपकीर दिली. एका शिंकेत मी तव्यावरची सुई उडवली. शेवटी डॉक्टरांचंच खरं ठरलं, पण त्याआधी घरात सगळ्यांना माझ्या नाकावर हात फिरवून घ्यायचा होता.

नाक बंद असताना मी शक्यतो काम घेत नसे. एकदा घेतलं, हिंगणघाटकडचं लग्न होतं. मुहूर्त जवळ आला तसा मी पुकारा केला, "बुलीच्या बाबांदी बुलीला घेऊद यावं." म्हणायचं होतं मुलीच्या मामांनी. मामा नवी टोपी घालून तयार बसले होते, ते बसूनच राहिले. मुलीचे वडील धावत आत गेले आणि मुलीचा हात धरून तिला बोहल्यावर घेऊन आले. मामा जे रुसले, ते थेट बैलगाडीत जाऊन बसले. त्यांची समजूत घालायला नवरीलाच मुंडावळ्या सांभाळत जावं लागलं. तेव्हापासून मी ठरवलं, हिवाळ्यात पुकारा नाही.

पण त्या वर्षी मला नाही म्हणता आलं नाही. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. आमच्यापासून बंडीनं जाण्याजोग्या एका गावात संक्रांतीच्या सुमारास भाजीपाल्याचं प्रदर्शन भरलं. गावाचं नाव लिहीत नाही, ज्या दोन घरांची ही गोष्ट, त्यांची नातवंडं अजून मला रामराम करतात. तिथले सरपंच स्वतः दुकानात आले. म्हणाले, "गजाभाऊ, तुह्याशिवाय शोभा नाई. येजो."

गावात भाजीवाल्यांची दोन घरं नावाजलेली. एक नाना मोरे, दुसरे दादा बोरे. दोघांचे मळे एकाच धुऱ्याला, बांधाला लागून. दोघं एकाच वयाचे, एकाच शाळेत एकाच वर्षी नापास झालेले. नानानं वांगी लावली की दादाही वांगी लावणार, दादानं विहिरीला नवी मोट बसवली की नानाही बसवणार. एकमेकांशिवाय दोघांना करमत नसे, पण हे दोघांपैकी कोणी कबूल केलं नसतं.

त्या वर्षीची मुख्य स्पर्धा होती सगळ्यात मोठ्या कोहळ्याची, म्हणजे लाल भोपळ्याची. बक्षीस होतं पाठीवर बांधायचा पितळी फवारणी पंप. तो टेबलावर ठेवला होता आणि उन्हात असा चमकत होता की बाया त्यात बघून कुंकू नीट करून घेत होत्या. नानाचं कोहळं आणि दादाचं कोहळं, दोन्ही चौघांनी उचलून आणावी लागली. कापसाच्या काट्यावर वजन झालं. तालुक्याहून आलेले शेतकी साहेब खाली वाकले, काटा पाहिला, माझ्या कानात म्हणाले, "नाना मोरे, थोडक्यात." आणि एस.टी. आलेली दिसताच पिशवी घेऊन पळाले. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी होती.

मी माईक हातात घेतला. नाक सकाळपासून गच्च. नाकासोबत कानही बसलेले, त्यामुळे माझा आवाज मलाच विहिरीतून आल्यासारखा वाटत होता. माझ्या मते मी स्पष्ट बोललो. भोंग्यातून गेलं ते असं:

"बड्डळी, पहिला दब्बर... दादा बोरे!"

मी हसून नानाकडे पाहत होतो. नानाही मिशीत हसत उठायच्या तयारीत होता. तेवढ्यात माझ्या मागून दादा बोरे मंचावर चढले. गळ्यात हार पडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादांनी पंपाला हात लावून नमस्कार केला. मी घाबरलो. धावत माईकपाशी आलो आणि चूक दुरुस्त केली.

"दाही, दाही! दादा बोरे दाही! दादा बोरे!"

लोक बुचकळ्यात पडले. दादा म्हणाले, "अरे हो ना बाप्पा, आयकलं एकदा. किती खेप सांगशीन?"

मी नानाकडे बोट दाखवलं. नाना मंचावर आला. मी सरपंचांना खुणेनं समजावलं, फळ्यावर खडूनं नाव लिहिलं. तेव्हा सरपंचांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, "दादा, हार काढा. नंबर नानाचा हाय. याचं नाक चोंदलं."

दादा खुर्चीत पक्के बसले. "कायले काढू? भोंग्यातून माहं नाव आलं. आजूबाजूच्या गावांनी आयकलं. फळ्यावरचं कोणी आयकलं काय? निकाल गजाभाऊच्या तोंडून भोंग्यानं देल्ला, तं त्याच्याच तोंडून भोंग्यानं बदलला पायजे."

"मंग नानाचं पाळण्यातलं नाव घे," सरपंच मला म्हणाले.

नानाचं पाळण्यातलं नाव मधुकर. मी म्हणालो, "बधुकर बोरे."

"हा कोण?" मागून एक म्हातारा म्हणाला. "हा तं कधी पाह्यला नाई गावात."

नानाचा चेहरा पडला. तो भांडखोर नव्हता. त्यानं त्या कोहळ्याला पावसाळ्यापासून जपलं होतं, डुकरं येऊ नयेत म्हणून त्याच्याशेजारी खाट टाकून झोपला होता. तो नुसता म्हणाला, "गजाभाऊ, जिंकूनही माहं नाव निंघत नाई म्हंजे काय?" मला पार कानकोंडं झालं. सरपंचांनी शेवटी निवाडा केला. पंप टेबलावरच राहील, हार दादाच्या गळ्यात राहील. दिवस बुडायच्या आत माझ्याच तोंडून, भोंग्यातून नानाचं नाव स्वच्छ निघालं तर पंप नानाचा, नाही तर दादाचा.

"मंजूर," दादा म्हणाले. "भोंग्यातून जसं येईन तसं."

मला नानाच्या घरी नेण्यात आलं. नानाची बायको, रुखमाकाकू, स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा उकडत होत्या. त्यांनी माझं तोंड पाहिलं, शेंगांचं गंज, म्हणजे पातेलं, उतरवलं आणि चुलीवर पाण्याचं चढवलं. "बसा भाऊ. गंज भुईवर ठेवते, मांडीवर घेऊ नका. पोयले तं नाकासंगं बाकीचंही जाईन." पाण्यात ओवा पडला, माझ्या डोक्यावरून गोधडी आली. मी डोळे मिटून वाफ घेऊ लागलो. तेवढ्यात गोधडी वर झाली आणि शेजारी नानाचं डोकं आत आलं.

रुखमाकाकू बाहेरून म्हणाल्या, "तुमी काऊन आत घुसले?"

"नाव माहं हाय," नाना म्हणाला. "मी आयकतो, कवा निंघते ते."

आम्ही दोघं गोधडीखाली घामाघूम होऊन बसलो. दर थोड्या वेळानं नाना म्हणे, "घे." मी म्हणे, "दादा बोरे." नाना सुस्कारा टाकून पुन्हा वाफेत तोंड घाली.

दारात आवाज आला. दादा बोरे, गळ्यात हार तसाच, हातात दह्याचं गाडगं. "वहिनी, पाहुणा सकाळपासून उपाशी हाय. म्हशीचं दही आणलं. गार हाय. आन् ही केळं."

रुखमाकाकू म्हणाल्या, "पाहुण्याले भूक लागली म्हून आणलं का नाक बुजावं म्हून?"

"राम राम! तुमी माह्यावर शक घेता?"

"नाई. दही घेतो," म्हणत काकूंनी गाडगं काढून घेतलं. "सांजच्याले कढी करीन. तुमीही येजा."

दादा गेले, पण थोड्याच वेळात त्यांच्या घरून उसाचा रस आला, मग घरी राहिलेल्या सुमनच्या तब्येतीची चौकशी करायला कोणीतरी आलं आणि दार सताड उघडं टाकून गार वारा आत सोडून गेलं. गावात आता दोन पक्ष पडले होते. मोऱ्यांच्या बाजूचे लोक निलगिरीचं तेल, सुंठ, मिरे घेऊन येत होते. बोऱ्यांच्या बाजूचे लोक मला दिवाळीत खाल्लं नसेल एवढं गोड आणि गार घेऊन येत होते. माझ्या नाकाची एवढी काळजी माझ्या आईनंही केली नव्हती.

काकूंनी गरम पाण्यात जुन्या लुगड्याचा धडपा पिळून माझ्या गालांवर ठेवला. वाफेनं आणि त्या शेकानं कपाळातला गोळा जरा हलला. एक नाकपुडी शिट्टी मारून उघडली. नानानं लगेच माझा हात धरून मला मंचाकडे ओढत नेलं. लोक गोळा झाले. मी श्वास घेतला आणि अर्ध्या नाकानं म्हणालो,

"नाना बोरे!"

मोऱ्यांचे लोक ओरडले, "आलं! नाना आलं!"

दादा शांतपणे उठले. "नाना बोरे म्हंजे माहा आजा. वारला, पण मळा त्याचाच लावलेला. बक्षीस आमच्याच घरी राह्यलं."

सरपंचांनी कपाळाला हात लावला. सूर्य बाभळींच्या वर टेकला होता. मला परत नानाच्या घरी नेलं.

आता रुखमाकाकूंनी लेकरांना दूध पाजायचं बोंडलं काढलं, चोच असलेलं लहानसं भांडं. उकळून कोमट केलेलं पाणी, चिमूटभर मीठ. "मान वाकडी करा, तोंडानं श्वास घ्या, बोलू नका," त्या म्हणाल्या आणि बोंडल्याची चोच माझ्या उघड्या नाकपुडीला लावली. पाणी आत गेलं, थोडा वेळ काहीच झालं नाही, आणि मग बंद नाकपुडीतून धार सुरू झाली. खिडकीतून पाहणारी पोट्टी किंचाळली. नाना भिंतीला टेकून म्हणाला, "इकून टाकलेलं तिकून निंघते! माणूस आतून पोकळ हाय का?"

मी नाक शिंकरलं. एकदा, मग पुन्हा. आणि एकदम मला वास आला. तुरीच्या शेंगांचा, चुलीतल्या कपाशीच्या पळकाठ्यांच्या धुराचा, नानाच्या तंबाखूचा, गोधडीचाही. काय सांगू, मला रडू यायचं बाकी होतं.

"घे," नाना घाबरत म्हणाला.

"नाना मोरे," मी म्हणालो.

"आता बोलू नका! सांभाळून ठेवा!" म्हणत काकूंनी मला उठवलं. मी तोंड मिटून, मान ताठ ठेवून मंचापर्यंत चाललो, जशी काही डोक्यावर भरलेली घागर होती. वाटेत दादाच्या घरच्या बाईनं कुल्फी पुढे केली. मी पाहिलंही नाही. माईक घेतला. आयुष्यात इतक्या सावकाश मी कोणाचं नाव घेतलं नसेल.

"मंडळी, नमस्कार. कोहळ्याच्या स्पर्धेत पहिला नंबर... नाना... मोरे!"

आवाज शिवारात गेला आणि परत आला, तोही स्वच्छ. लोकांनी टोप्या उडवल्या. सरपंचांनी पंप नानाच्या हातात दिला आणि म्हणाले, "बोल नाना, दोन शब्द बोल."

नाना कधी माईकवर बोलला नव्हता. त्यानं पंप छातीशी धरला, लोकांकडे पाहिलं, खाटेवर काढलेल्या त्या सगळ्या थंडीच्या रात्री त्याला आठवल्या असाव्यात, आणि तो ढसाढसा रडायला लागला. रडून रडून माणसाचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. नाक गच्च भरतं. तशात त्यानं माईक तोंडाशी धरला आणि भोंग्यातून आजूबाजूच्या गावांना ऐकू गेलं:

"बी... बी दादा बोरे..."

मग दादा बोरे खुर्चीवरून उडालेच. "आयकलं ना? तो सोताच सांगून राह्यला का तो दादा बोरे हाय! मंग मी कोण? मी नाना मोरे! आना इकडे पंप!"

आधी सरपंच हसले, मग बाया, मग सगळं मैदान. नाना रडता रडता हसू लागला, त्यामुळे नाक आणखीच भरलं आणि तो "दाही, दाही" करू लागला, तेव्हा तर लोक खाली बसले. दादांनी चेहरा गंभीर ठेवायचा फार प्रयत्न केला, पण तेही फुटले. हसू ओसरल्यावर त्यांनी गळ्यातला हार काढला, नानाच्या गळ्यात घातला आणि आपल्या उपरण्यानं त्याचं नाक पुसलं. "शिंकर," ते म्हणाले. "बह्याड कुठला. सोताचं नाव घेता येत नाई."

संध्याकाळी नानाच्या अंगणात दोन्ही कोहळी फोडली. रुखमाकाकू कोहळ्याची बोंडं, तेलात तळलेली गोड भजी, करणार होत्या. नानाचं कोहळं चिरलं तर आत सगळं पाणी आणि दोरे. चव पांचट. दादाचं चिरलं तर केशरी, घट्ट, कच्चंच खावं असं गोड. काकूंनी दोन्हीचा तुकडा तोंडात टाकला आणि नवऱ्याकडे न पाहता दादाचं कोहळं किसायला घेतलं. नानाचं गुरांपुढे गेलं.

कढी-भात झाला, बोंडं आली. दादा एक खात, नानाकडे बघत, दुसरं घेत. शेवटी म्हणाले, "गजाभाऊ, मशीन बांधलं काय?"

"अजून नाही," मी म्हणालो.

"मंग एक पुकारा राह्यला. गोड कोहळ्याचा नंबर. आन् तुह्या नाकाची काळजी करू नको. माहं नाव घ्याले नाक लागतच नाई. सर्दी असो का नसो, दादा बोरे म्हंजे दादा बोरेच निंघते."

मी नानाकडे पाहिलं. नानानं मान हलवली. अंगणाबाहेर उभ्या बंडीतच मी वायर जोडली, माईक घेतला आणि पुकारलं, "गोड कोहळं, पहिला नंबर, दादा बोरे!"

दादा हात पुसत उठले आणि बक्षिसासाठी इकडंतिकडं पाहू लागले. बक्षीस ठरलेलंच नव्हतं. तेव्हा नाना उठला, तो पितळी पंप उचलला, दादाच्या पाठीवर ठेवला आणि त्याचे पट्टे स्वतःच्या हातानं बांधून दिले.

"तुह्या वांग्यायवर मावा पडला," तो म्हणाला. "फवारून घे. सोमवारी आणून देजो."

दादा तसेच पंप पाठीवर घेऊन बसले आणि आणखी दोन बोंडं मागितली.